नसेच्या दुखण्यावर टेन्स मशीन : पहिल्यांदा वापरणाऱ्यांसाठी

गुडघा दुखणारा माणूस नुसतं "दुखतंय" म्हणतो. नसेचं दुखणं असलेला माणूस तसं म्हणत नाही. "आग होते", "चमक मारते", "मुंग्या उठतात", "कुणी सुया टोचल्यासारखं होतं", "पायाखाली कापूस असल्यासारखं वाटतं", असं तो सांगतो. एवढ्यावरूनच निम्मं निदान होतं.

मी बेळगावात फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते. वडगाव-शहापूरचे यंत्रमागापुढे उभं राहून कंबर धरलेले विणकर येतात, निपाणीकडच्या वर्षानुवर्षं विड्या वळलेल्या बायका येतात, चिकोडी-अथणी भागातले शुगर असलेले शेतकरी येतात. दवाखान्यात दहा दिवस 'करंट' घेऊन झाला की जवळजवळ प्रत्येकाचा प्रश्न ठरलेला असतो : रोज एवढ्या लांब येणं जमत नाही, ते करंटचं मशीन घरीच घेतलं तर? मी काय उत्तर देते, ते इथे सविस्तर लिहीत आहे.

मशीन करतं काय

टेन्स म्हणजे बॅटरीवर चालणारी, हाताच्या तळव्यात मावणारी पेटी. तिच्यातून वायरी निघतात, वायरींच्या टोकाला चिकटणारी पॅडं असतात, आणि पॅडांमधून अगदी सौम्य विजेचे ठोके कातडीखालच्या नसांपर्यंत पोचतात. घरातल्या प्लगमधल्या करंटशी त्याचा काही संबंध नाही.

कोपर दाराला आपटलं की आपण ते चोळतो आणि ठणका कमी होतो. यामागचं कारण १९६५ मध्ये रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी मांडलं. स्पर्शाची खबर नेणारे तंतू जाड असतात, दुखण्याची खबर नेणारे बारीक. दोन्ही पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत एकाच दारापाशी येतात. जाड तंतूंची वर्दळ वाढली की दुखण्याच्या खबरीला ते दार अर्धवट बंद होतं. टेन्स हे चोळण्याचंच काम अर्धा तास, न थकता करतं.

आता खरं सांगायचं ते. टेन्सने नस बरी होत नाही. सरकलेली चकती जागेवर येत नाही, शुगरने खराब झालेले तंतू पुन्हा उगवत नाहीत. मशीन चालू असताना आणि त्यानंतर थोडा वेळ दुखणं कमी होतं, एवढंच त्याचं काम. २०२२ मध्ये ३८१ अभ्यास एकत्र करून झालेल्या मोठ्या आढाव्यातही हेच निघालं. फक्त नसेच्या दुखण्यापुरतं बघितलं तर २०१७ च्या कोक्रेन आढाव्याने (उपचारांवरचे अभ्यास तपासणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेचा आढावा) उपलब्ध पुरावा फार कच्चा असल्याचं म्हटलं आहे, आणि सायटिकासह (कंबरेतून पायात उतरणारी नसेची कळ) कंबरदुखीला टेन्स देऊ नये असा ब्रिटनच्या आरोग्ययंत्रणेचा २०१६ पासूनचा सल्ला आहे. मग मी ते का वापरते? कारण माझ्यासमोरच्या काही जणांना त्याने स्पष्ट आराम पडतो, योग्य माणसाला त्यापासून धोका फार कमी असतो, आणि तो मिळालेला तासभर फार मोलाचा असतो. त्या तासाचं काय करायचं, ते पुढे सांगते. ज्यांना चार आठवड्यांत काही फरक पडत नाही, त्यांना मी स्वतःच थांबायला सांगते.

मशीनच्या आधी निदान

दुकानात जाण्याआधी डॉक्टरांकडे जा. पायाची आग शुगरने होते तशी बी-१२ कमी असल्यानेही होते, आणि ती कमतरता गोळ्या-इंजेक्शनांनी भरून निघते. अंगावर फिकट किंवा लालसर बधीर चट्टा असेल आणि जोडीला हातापायात मुंग्या असतील, तर कुष्ठरोगाची तपासणी न लाजता करून घ्या. सरकारी दवाखान्यात त्याची औषधं मोफत मिळतात आणि वेळेत घेतली तर बोटं वाकायची वाचतात. असं कारण राहू देऊन वर नुसता करंट घेत बसणं म्हणजे वेळ घालवणं.

आणि ही लक्षणं असतील तर त्याच दिवशी मोठ्या हॉस्पिटलात जा : लघवी-संडासवरचा ताबा जाणं, बसण्याच्या जागी बधिरपणा येणं, पाऊल उचलता न येणं. बेळगाव जवळ असो, मिरज असो की कोल्हापूर, जे आधी पोचेल ते गाठा.

डॉक्टरांनी गॅबापेंटिन, प्रेगाबालिन, अमिट्रिप्टिलिन अशी गोळी दिली असेल तर मशीन आणलं म्हणून ती मनाने बंद करू नका. दोन्ही बरोबर चालतात.

कुणी वापरू नये

हृदयात पेसमेकर किंवा झटका देणारं उपकरण बसवलेलं असेल तर घरी टेन्स नको. फिट येत असेल किंवा दिवस गेलेले असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. कॅन्सरची गाठ असलेल्या जागेवर, जखमेवर, फोडांवर, आणि रक्ताची गुठळी झाल्याचा संशय असलेल्या सुजलेल्या गरम पोटरीवर पॅड लावू नये. मानेच्या पुढच्या बाजूला आणि कडांना, डोळ्यांवर, डोक्यावर, आणि एक पॅड छातीवर व दुसरं पाठीवर असं कधीही नाही. हाडात रॉड किंवा पट्टी आहे म्हणून घाबरणारे बरेच भेटतात. त्याने सहसा अडत नाही, पण एकदा विचारून घ्या.

बधिरपणा तपासा, हे टाळू नका

ही पायरी सगळ्यात जास्त वगळली जाते आणि नुकसान इथेच होतं. अथणीकडचे एक काका आले होते, पंधरा-सोळा वर्षांची शुगर. मुलाने मशीन आणून दिलं होतं. पॅडं थेट तळपायाला लावली. काही जाणवेना, म्हणून आकडा वाढवत गेले. पॅडंही जुनी, कडा सुकलेली. दुसऱ्या दिवशी टाचेजवळ रुपयाएवढा फोड आला होता, आणि तो त्यांना दुखला नाही म्हणून चार दिवस कळलाही नाही. ती जखम भरायला अडीच महिने गेले.

तपासणी अगदी सोपी आहे. कापसाचा बोळा आणि टूथपिक घ्या. आधी दंडावर किंवा जिथे काही त्रास नाही तिथे दोन्ही लावून दाखवा, म्हणजे 'मऊ' कसं लागतं आणि 'टोकदार' कसं, हे माणसाला कळतं. मग डोळे मिटायला सांगा आणि पॅड लावायच्या जागी कधी कापूस, कधी टोक, उलटसुलट क्रमाने हलकेच टेकवा. बरोबर ओळखता आलं तर ती जागा चालते. चुकत असेल तर पॅड तिथे लावायचं नाही, वर सरकत जायचं. शुगरवाल्यांत बहुतेकदा पावलं बधीर असतात पण गुडघ्याखाली जाण शाबूत असते. मग पॅडं पोटरीच्या वरच्या भागात लावायची.

मशीन निवडताना

बाजारात 'मसाजर' नावाने फुलपाखराच्या आकाराची पॅडं विकतात. त्यावर नुसते आकडे आणि चित्रं असतात, करंट किती हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला किती ठोके, हे कुठेच लिहिलेलं नसतं. ते घेऊ नका. हर्ट्झ आणि मायक्रोसेकंद (एक ठोका किती वेळ टिकतो, म्हणजे त्याची रुंदी) दोन्ही वेगवेगळे बदलता येतात, दोन चॅनेल (पॅडांच्या दोन स्वतंत्र जोड्या) आहेत आणि प्रत्येकाचा जोर वेगळा वाढवता येतो, असं मशीन घ्या. साधी मशीनं हजार-दीड हजारापासून मिळतात. 'ईएमएस' लिहिलेलं मशीन स्नायू आकसवण्यासाठी असतं, ते वेगळं.

विकत घेण्याआधी आठ-दहा वेळा फिजिओथेरपी विभागात घेऊन बघा, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. सरकारी जिल्हा रुग्णालय आहे, केएलईचं फिजिओथेरपी कॉलेज आहे. बायकांना तर २०२३ च्या जूनपासून कर्नाटक राज्याच्या साध्या बसमध्ये तिकीट नाही, त्यामुळे खानापूर किंवा हुक्केरीहून येण्याचा खर्च तरी वाचतो. तिथे फरक पडला तरच पैसे घाला.

पहिली बैठक

वडगावच्या एक मावशी. वय साठच्या पुढे, नागीण होऊन सहा महिने झालेले. उजव्या बरगडीखालून पाठीपर्यंतचा पट्टा. फोड केव्हाच सुकले होते, पण आग तशीच. पदर एका हाताने अंगापासून लांब धरून त्या आत आल्या. "बाई, पदर लागला तरी इंगळी डसल्यागत हुतंय."

(नागिणीबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. तिचं तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस जातो, ही भीती आपल्या भागात अजून आहे, आणि त्या भीतीपोटी पहिले दिवस गेरू लावण्यात आणि उतरवून घेण्यात जातात. नागीण एका नसेच्या वाटेने उठते, आणि प्रत्येक नस अंगाच्या एकाच बाजूला असते, म्हणून पट्टा मध्यावर थांबतो. विषाणूवरची गोळी पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू झाली तर सगळ्यात चांगलं. तेवढ्यासाठी तरी पहिल्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.)

जिथे स्पर्शच सहन होत नाही तिथे पॅड चिकटवायचं नाही. मावशींच्या आगीच्या पट्ट्यावर मी हात लावलाच नाही. त्याच नसेच्या वाटेवर, पण मागे कण्याच्या बाजूला, जिथे स्पर्श नेहमीसारखा लागत होता, तिथे एक पॅड लावलं. कण्याच्या हाडावर नाही, त्याच्या उजवीकडे दोन बोटं सोडून. दुसरं त्याच रांगेत, दुखऱ्या पट्ट्याच्या अलीकडे. दोन पॅडांत निदान एका पॅडाएवढी जागा मोकळी ठेवली.

त्याआधी कातडी साबणाने धुऊन कोरडी केली. आपल्याकडे दुखणाऱ्या जागी तेल चोळायची सवय असते. तेल राहिलं की पॅडाच्या कडा सुटतात, करंट उरलेल्या थोड्या जागेतून जातो आणि तिथे चटका बसतो. केस दाट असतील तर कात्रीने कापा. वस्तरा फिरवला तर बारीक चिरा पडतात आणि तिथे झोंबतं.

मशीन बंद असतानाच वायरी जोडल्या. सेटिंग : ८० ते १०० हर्ट्झ, रुंदी १०० मायक्रोसेकंदांच्या आसपास, साधा सलग मोड. मग दोन पॅडं आधी माझ्या हाताला लावून चालू करून दाखवली, कारण 'करंट' या शब्दानेच त्यांचे खांदे वर गेले होते. त्यानंतर त्यांची पॅडं जोडून जोराचं बटण त्यांच्याच हातात दिलं. बटण नेहमी ज्याच्या अंगाला पॅड लागलंय त्याच्याच हातात असावं. घरी मुलगा-सून मदत करतील, पण वाढवायचं-कमी करायचं ते पेशंटनेच.

शून्यापासून एकेक करत वर जायचं. आधी काहीच नाही. मग बारीक सुरसुर. मग मुंग्यांची दाट वर्दळ. थोडं आणखी वाढवलं की ती ठसठशीत होते, पण दुखत नाही. तिथे थांबायचं. नवखे लोक एक तर पहिल्या सुरसुरीलाच थांबतात, आणि तेवढ्याने उपयोग होत नाही. नाहीतर जास्त करंट म्हणजे जास्त गुण असं समजून दात आवळून बसतात. जोर ठसठशीत हवा पण सुखाचा हवा. स्नायू फडफडायला लागला तर एक पायरी खाली या.

सात-आठ मिनिटांनी मावशी म्हणाल्या, "बंद पडलं की काय?" बंद पडलेलं नसतं. नसेला ठोक्यांची सवय होते आणि जाणीव विरते. तेव्हा एखादी पायरी वाढवायची. पहिल्या दिवशी २० मिनिटं पुरे. आधी मशीन शून्यावर आणून बंद करायचं, मगच पॅड सोडवायचं, आणि खालची कातडी उजेडात बघायची. फिकट गुलाबीपणा तासाभरात जातो. पुरळ, खाज किंवा लाल चट्टा राहिला तर दुसऱ्या दिवशी लावू नका. बऱ्याचदा पॅडाचा गोंद सोसत नाही, तेव्हा वेगळ्या प्रकारचं पॅड बघावं लागतं.

त्या दिवशी जाताना मावशींनी पदर खांद्यावरून नेहमीसारखा घेतला. तो आराम दीड तास टिकला, असं त्यांनी दुसऱ्या दिवशी येऊन सांगितलं.

दुखणं कुठलं, पॅड कुठे

सायटिकात कंबरेपासून पायात चमक उतरते. एका चॅनेलचं एक पॅड कंबरेत दुखऱ्या बाजूला, कण्यापासून दोन बोटं लांब, आणि दुसरं कुल्ल्यावर. पोटरीपर्यंत जात असेल तर दुसऱ्या चॅनेलची दोन पॅडं मांडीच्या मागे आणि पोटरीवर.

मानेतून हातात कळ येत असेल तर मानेच्या मागे कण्याच्या बाजूला एक, खांद्याच्या मागे किंवा दंडावर एक. पुढच्या बाजूला पॅड लावायचं नाही, हे वर लिहिलं आहे तरी पुन्हा सांगते.

विड्या वळून, शिवणकाम करून मनगटात नस दबते आणि रात्री अंगठ्याकडच्या बोटांना मुंग्या येऊन जाग येते. त्यावर पहिला उपाय रात्री मनगट सरळ ठेवणारी पट्टी. टेन्स त्यानंतर : एक पॅड मनगटाच्या वर, दुसरं कोपराच्या खाली, हाताच्या आतल्या बाजूला. अंगठ्याच्या मुळाचा उंचवटा बसत चालला असेल तर मशीन बाजूला ठेवून सर्जनना भेटा.

उसाच्या चरकात किंवा अपघातात हात-पाय गमावलेल्यांना नसलेल्या बोटांत कळा येतात. लोक हे बोलायला संकोचतात, घरच्यांनाही वेड लागल्यासारखं वाटतं. हे खरं दुखणं आहे आणि नसेचंच आहे. उरलेल्या भागावर पॅड सहन होत नसेल तर दुसऱ्या, धडधाकट हातावर त्याच जागी लावूनही काहींना आराम पडतो.

चेहऱ्यातल्या विजेसारख्या कळेला घरी टेन्स लावू नका.

रोजचा क्रम

आठवडाभराने वेळ ३० ते ४५ मिनिटांवर न्या, दिवसातून दोन-तीनदा. झोपताना लावून ठेवू नका, गाडी किंवा ट्रॅक्टर चालवताना नको, अंघोळीच्या वेळी तर नकोच. चार्जिंगचं मशीन असेल तर चार्जिंगला लावलेलं असताना अंगाला जोडू नका.

रोज तीच सेटिंग ठेवली तर काही आठवड्यांनी गुण कमी होतो. मशीनवर बदलता मोड असेल तर तो आलटून पालटून वापरा. दुसरा प्रकार २ ते ४ हर्ट्झचा, रुंदी २०० मायक्रोसेकंदांच्या आसपास. त्यात स्नायू ठेक्यात उडताना दिसतो आणि शरीरातली स्वतःची वेदनाशामकं सुटतात. हा २० मिनिटांपेक्षा जास्त नको, दुसऱ्या दिवशी स्नायू आंबतो. अफूच्या जातीची औषधं (मॉर्फीन, ट्रॅमाडॉल यांसारखी) बरेच दिवस घेणाऱ्यांना या प्रकाराने फारसा गुण येत नाही. त्यांनी पहिलाच प्रकार चालू ठेवावा.

आता त्या तासाचं. मशीन लावून आराम पडला की बहुतेक जण आडवे होतात. तसं करू नका. दुखणं उतरलेलं असतानाच चाला, सांगितलेला व्यायाम करा, जी हालचाल दुखण्याच्या भीतीने सोडली असेल ती करून बघा. चालताना मशीन कमरेला अडकवून चालू ठेवलं तर आणखी चांगलं. सायटिकाच्या एका विणकर दादांनी मशीन लावून गल्लीच्या टोकापर्यंत चालायला सुरुवात केली. तीन आठवड्यांनी ते अनगोळ नाक्यापर्यंत जाऊन येऊ लागले. दुखण्याचा आकडा फक्त सातावरून पाचावर आला होता, पण ते पुन्हा मागापुढे उभे राहू लागले.

पॅडं प्लास्टिकच्या कागदावर परत चिकटवून पाकिटात ठेवा. एक जोडी साधारण २० ते ३० वेळा चालते. चिकटपणा गेला तर पाण्याचं बोट फिरवून एखाददुसरा दिवस निघतो, पुढे नवीनच घ्या. एकाची पॅडं दुसऱ्याने वापरू नयेत.

वही

एक शाळेची वही करा. रोज तीन आकडे लिहा, शून्य म्हणजे दुखणं नाही आणि दहा म्हणजे असह्य : लावण्याआधी, लावलेलं असताना, काढल्यावर तासाभराने. त्याच ओळीत त्या दिवशी काय करता आलं ते लिहा. किती चाललात, रात्री किती वेळा उठलात, भांडी उभ्याने घासलीत का. चार आठवड्यांनी वही आणि मशीन दोन्ही घेऊन तुमच्या फिजिओथेरपिस्टकडे या. आकडे दोनने तरी उतरले असतील किंवा कामं वाढली असतील तर पुढे चालू ठेवू. दोन्ही नसेल तर पॅडांच्या जागा बदलून दोन आठवडे बघू, आणि तरीही नसेल तर थांबू.

सरकारी दवाखान्यात समोरचे डॉक्टर किंवा नर्स कन्नडच बोलणारे असले की आपली माणसं नुसतं अंगावर बोट ठेवतात आणि "ब्यानी" म्हणतात. त्याचा अर्थ फक्त 'दुखतंय' असा होतो आणि साधी दुखण्याची गोळी हातात पडते. आग होत असेल तर "उरी" म्हणा, मुंग्या-बधिरपणा असेल तर "जोमु" म्हणा. वहीच्या पहिल्या पानावर हे दोन शब्द लिहून ठेवा आणि आपलं जे असेल त्याखाली रेघ मारा.